कुंपणावरची गुळवेल

भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून उत्तनच्या बसमध्ये बसलात, म्हणजे मुर्धे, राई, मोर्वा ही गावे एकामागून एक मागे पडतात. कुठे मिठागरांची चौकोनी खाचरे दिसतात, कुठे जुनी कौलारू घरे, कुठे वाड्या. मग डोंगरीची टेकडी येते आणि पलीकडे समुद्र. पाऊस सरता सरता या वाटेने गेलात, तर एकदा कुंपणांकडे जरा नीट पाहा. करंजावर, शेवग्यावर, कधी विजेच्या खांबाला दिलेल्या ताणाच्या तारेवरसुद्धा एक वेल चढलेली दिसेल. पाने विड्याच्या पानासारखी, हृदयाच्या आकाराची. वरून दोऱ्यासारखी बारीक मुळे खाली लोंबत असतात. वाऱ्याने हलतात आणि जमिनीचा ठाव घेत असतात. ही गुळवेल.

पिढ्यान् पिढ्या ती तिथे आहे. शेळीवाल्याला ती ठाऊक आहे, पाड्यावरच्या म्हाताऱ्या बाईला ठाऊक आहे, आणि वैद्याला तर आहेच. पण आपल्यासारख्या आठ-पाचच्या लोकलला धावणाऱ्या माणसाला तिच्याकडे पाहायला सवड नव्हती. पिकते तेथे विकत नाही, ही म्हण काही उगीच झाली नाही. मग २०२० साल उजाडले, करोनाची साथ आली, आणि एका रात्रीत गुळवेलीला असे काही दिवस आले की मीरा रोडच्या चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातही तिचा काढा उकळू लागला. ज्याला त्याला गुळवेल हवी. कुणी पावडर आणली, कुणी गोळ्या आणल्या, कुणी कुंपणावरची दिसेल ती वेल ओरबाडून आणली.

त्यातून काहींचे भले झाले असेल. काहींना मात्र इस्पितळ गाठावे लागले. असे का झाले? वेल खोटी, की आपण तिला नीट ओळखले नाही? या प्रश्नासाठीच आजचे हे बोलणे आहे.

प्रथम ओळख. आपल्या जुन्या वैद्यांनी वनस्पतींना नावे दिली ती शोभेसाठी दिलेली नाहीत. एकेक नाव म्हणजे एकेक खूण आहे. गुळवेलीला संस्कृतात गुडूची म्हणतात, अमृता म्हणतात. शिवाय तिला छिन्नरुहा असेही एक नाव आहे. छिन्न म्हणजे तोडलेली, रुहा म्हणजे उगवणारी. तोडली तरी पुन्हा वाढते ती. आणि हे अगदी शब्दशः खरे आहे. बोटाएवढे जाड कांडे तोडून घराच्या खुंटीला टांगून ठेवा. माती नाही, पाणी नाही, तरी महिन्याभराने त्याच्या डोळ्यातून हिरवा कोंब डोकावेल. दुसरे नाव चक्रलक्षणा. खोडाचा आडवा काप घेऊन उजेडात धरलात, तर आत बैलगाडीच्या चाकासारखी आरी दिसते. मधुपर्णी हे आणखी एक नाव. ज्याने ही नावे दिली त्याच्या हातात कोयता होता आणि डोळे उघडे होते, एवढे नक्की.

आजचे वनस्पतिशास्त्र तिला टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणते. त्यातल्या कॉर्डिफोलिया या शब्दाचा अर्थही हृदयाच्या आकाराच्या पानांची असाच आहे. खोडावर कागदासारखी पातळ, फिकट तपकिरी साल असते. ती नखाने सहज सुटते आणि खाली हिरवा गर दिसतो. उन्हाळ्याकडे पाने झडतात, आणि मग बारीक पिवळसर फुलांचे तुरे येतात. नराची फुले एका वेलीवर आणि मादीची दुसऱ्या वेलीवर. मादीच्या वेलीला पुढे मटाराएवढ्या लाल फळांचे घोस लागतात. चव कडू. अशी कडू की नावातल्या गुळावर विश्वास बसू नये.

आता एक गोष्ट ऐका. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या ग्रंथात गुळवेलीच्या जन्माची कथा आहे. राम-रावणाच्या युद्धात पुष्कळ वानर मारले गेले. रावणाचा नाश झाल्यावर इंद्राने त्यांच्यावर अमृताचा वर्षाव केला. वानर उठून उभे राहिले. त्यांच्या अंगावरून अमृताचे जे थेंब जमिनीवर ओघळले, त्यातून गुळवेल उगवली. कथा म्हणून ती छानच आहे. पण कथेच्या पोटात एक निरीक्षण दडले आहे. जी वेल स्वतः मरत नाही, ती माणसालाही मरू देणार नाही, असे जुन्या लोकांना वाटले असावे. हे वाटणे काव्याचे झाले. औषधाची कसोटी वेगळी असते, आणि आपल्या शास्त्रकारांनाही ती कळत होती. चरकसंहितेत बुद्धीला बळ देणारी चार रसायने सांगितली आहेत, त्यांत गुळवेलीचा रस आहे. तापावर, कावीळीवर, वातरक्तावर, जुन्या त्वचारोगांवर तिचे पाठ आहेत. अमृतारिष्ट आणि संशमनी वटी ही नावे तर आजही औषधांच्या दुकानांत ऐकू येतात.

घरोघरच्या वापराबद्दल फार सांगायला नको. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी एखादी आजी असेल, जिने ताप आलेल्या नातवंडाच्या गळी गुळवेल, सुंठ आणि धण्यांचा काढा उतरवला असेल. ताजे कांडे ठेचायचे, पाण्यात घालायचे, पाणी चौथाई उरेपर्यंत मंद आचेवर आटवायचे. गुळवेलीचे सत्त्व हाही एक जुना प्रकार. कांडी ठेचून रात्रभर पाण्यात भिजत घालतात, कुस्करून पाणी गाळतात, आणि ते निवळले म्हणजे तळाशी जो पांढरा साका बसतो तो सावलीत वाळवतात. पुष्कळ वेलीतून फार थोडे सत्त्व निघते. म्हणून ते महाग असते, आणि म्हणूनच त्यात दुसऱ्या कसल्यातरी पिठाची भेसळ करायलाही बरे पडते. कडुनिंबावर चढलेली गुळवेल सर्वांत गुणकारी, अशीही आपल्याकडे परंपरेने समजूत आहे.

इंग्रजांच्या लक्षात ही वेल आली नसती तरच नवल. १८६८ साली हिंदुस्थानची जी सरकारी औषधसंहिता प्रसिद्ध झाली, तीत गुळवेलीची नोंद आहे. पुढे मुंबईचे विल्यम डायमॉक यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर १८९० नंतरच्या काही वर्षांत देशी औषधींचा जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यातही ती आहे. मराठी घरांत आयुर्वेदाचे ज्ञान पोहोचवण्याचे काम शंकर दाजी शास्त्री पदे यांनी केले. त्यांचा आर्यभिषक् हा ग्रंथ किती कपाटांत अजून रामायण-महाभारताच्या शेजारी असेल! एवढे सगळे असूनही एक प्रश्न उरतोच. ग्रंथात आहे, आजी सांगते, साहेबानेही लिहून ठेवले, पण रोग्यावर खरोखर किती उपयोग होतो, हे मोजून कुणी पाहिले आहे का?

पाहिले आहे. आणि कुठे परदेशात नव्हे, आपल्या परळला, केईएम रुग्णालयात.

ही हकीकत थोडी सविस्तर सांगतो, कारण गुळवेलीबद्दल बोलणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना ती ठाऊक नसते. केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर या औषधशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. मराठी वाचकांना त्या फुलवा, हिरवाई अशा झाडांवरच्या पुस्तकांमुळे ठाऊक आहेत. २००२ साली त्या गेल्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेदातल्या औषधींचा आधुनिक पद्धतीने अभ्यास करायचे ठरवले. त्याच रुग्णालयात डॉ. रवी बापट हे नामांकित शल्यचिकित्सक होते. त्यांच्यापुढे एक कठीण अडचण होती. पित्त वाहून नेणारी नळी खड्याने किंवा गाठीने बंद झाली, म्हणजे पित्त रक्तात उतरते आणि कावीळ होते. या कावीळीवर शस्त्रक्रिया करावी लागते. पण अशा रोग्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दुबळ्या झालेल्या असतात. जंतूंना गिळण्याची आणि मारण्याची त्यांची ताकद गेलेली असते. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी पुढे जंतू रक्तात पसरतात आणि रोगी दगावतो. सर्जनचा हात यशस्वी होऊनही रोगी हातचा जातो, याहून मोठे दुःख डॉक्टरला दुसरे नसेल.

तेव्हा त्यांनी तीस रोग्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमीचे सर्व उपचार दिले. साठलेले पित्त नळीने बाहेर काढणे, प्रतिजैविके, रक्त गोठायला मदत करणारे के जीवनसत्त्व, सगळे. दुसऱ्या गटाला त्याशिवाय गुळवेलीचा पाण्यात काढलेला अर्क पोटात दिला. प्रमाण ठरलेले होते : दर किलो वजनामागे रोज १६ मिलिग्रॅम. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला ८०० मिलिग्रॅम, एका ग्रॅमहून कमी. १९९३ साली या प्रयोगाचे निष्कर्ष एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पित्तात जंतू दोन्ही गटांतल्या रोग्यांच्या सापडले. पण पहिल्या गटातल्या निम्म्या रोग्यांमध्ये जंतू रक्तात पसरल्याची लक्षणे दिसली, आणि गुळवेल घेतलेल्यांपैकी एकातही दिसली नाहीत. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटातले शेकडा ४० रोगी वाचले, दुसऱ्या गटातले शेकडा ९२.४. पांढऱ्या पेशींची गेलेली ताकद गुळवेल घेणाऱ्यांच्याच अंगात परत आली होती.

हे आकडे ऐकून मन हरखते. हरखावेही. पण हरखताना दोन गोष्टी विसरू नका. एक, रोगी तीसच होते. तीस माणसांवरून साऱ्या जगाचा निर्णय होत नाही. त्यातून दिशा मिळते, आणि पुढे अधिक मोठी तपासणी करावी लागते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या रोग्यांना गुळवेल मिळाली ती नळी, प्रतिजैविके आणि सर्जनची सुरी यांच्या जोडीला. कुणीही त्यांना असे सांगितले नव्हते की शस्त्रक्रिया नको, काढा घ्या. वेल नीट ओळखलेली होती, अर्क एकाच पद्धतीने काढलेला होता, मात्रा मोजलेली होती, दिवस ठरलेले होते, आणि रक्त तपासायला माणसे होती. या पाच गोष्टी लक्षात ठेवा. कारण पुढे २०२० साली आपण नेमक्या याच पाच गोष्टी विसरलो.

त्या साली काय झाले ते आता पाहू. आधी चांगली बाजू. आपल्याच ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुका आहे. तिथल्या कातकरी तरुणांनी एकत्र येऊन रानातली गुळवेल गोळा करून, वाळवून विकायचा उद्योग सुरू केला होता. कातकरी म्हणजे खैराचा कात काढणारे. तो धंदा बुडाला आणि हा समाज वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर राबू लागला. सरकारच्या वनधन योजनेचा हात मिळाल्यावर या तरुणांना साथीच्या काळात मोठमोठ्या औषध कंपन्यांकडून सुमारे ३५० टन गुळवेलीची, सुमारे १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी आली. ज्या वेलीला कुंपणावर कुणी विचारत नव्हते, तिने कितीतरी झोपड्यांत चूल पेटवली. हिशेब केला तर किलोला पंचेचाळीस रुपयांच्या आसपास पडतात. तीच वेल रंगीत डबीत बसून दुकानात आली म्हणजे तिची किंमत काय होते, ते तुम्ही औषधांच्या दुकानात विचारून पाहा. रान ओळखणाऱ्या माणसाला त्यातला किती वाटा मिळतो, हा प्रश्न आपल्या मनात यायला हवा.

आता दुसरी बाजू. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांकडे यकृताला सूज आलेले सहा रोगी आले. डोळे पिवळे, लघवी पिवळी, अंगात त्राण नाही. नेहमीच्या कावीळीचे विषाणू सापडेनात. खोदून खोदून विचारल्यावर कळले की सगळ्यांनीच प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेल घेतली होती. २०२१ साली या डॉक्टरांनी ही हकीकत प्रसिद्ध केली. पुढल्या वर्षी देशभरातल्या १३ ठिकाणच्या अशाच ४३ रोग्यांचा अभ्यास पुढे आला. त्यांतल्या काहींच्या यकृताचे चित्र असे होते की शरीराची संरक्षणशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटली आहे. बहुतेक जण गुळवेल बंद केल्यावर आणि औषधोपचाराने सुधारले. पण सगळेच नाही.

यावर वाद झाला. आयुष मंत्रालयाने म्हटले की रोग्यांनी नेमकी कोणती वनस्पती खाल्ली हे आधी तपासायला हवे होते. गुळवेलीच्या कुळातलीच टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दुसरी वेल आहे, ती तिच्यासारखी दिसते आणि तिने यकृताला अपाय होऊ शकतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने या दोन वेलींतला फरक सांगणारी सूचनाही काढली. या दुसऱ्या वेलीच्या करड्या खोडावर ठळक गाठी-गाठी असतात, आणि तिची फळे लांबट, नारिंगी असतात. आपल्या गुळवेलीची फळे गोल आणि लाल. उलट यकृताच्या डॉक्टरांचे म्हणणे असे की खरी गुळवेल घेणाऱ्यांनाही त्रास झाला आहे.

या वादात तुम्ही-आम्ही सामान्य माणसांनी काय समजावे? माझ्या मते वाद पुरा मिटण्याची वाट न पाहताही एक गोष्ट स्पष्ट दिसते. केईएममध्ये जिच्यामुळे पांढऱ्या पेशी जाग्या झाल्या, ती शक्ती या वेलीत खरोखर असेल, तर ती सगळ्यांना सारखी मानवेल असे कसे म्हणावे? झोपलेल्या शिपायाला जागे करणे हे उपकाराचे काम. पण ज्याचा शिपाई आधीच पिसाळून घरातल्याच माणसांना मारतो आहे, त्याच्या हाती आणखी काठी द्यायची का? संधिवाताचे काही प्रकार, थायरॉइडचे काही विकार, काही त्वचारोग हे अशा पिसाळलेल्या शिपायाचेच विकार आहेत. तेव्हा औषधात गुण आहे असे म्हणणाऱ्याने अपाय होऊ शकतो हेही मान्य केले पाहिजे. कसलाही अपाय करू न शकणारी वस्तू बहुधा गुणही करू शकत नाही. झाडपाल्याचे आहे, म्हणजे त्याने काही होत नाही, ही आपली समजूत सोडून द्यायला हवी. कण्हेर आणि धोतराही झाडपालाच आहे.

म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट तापाची. आपल्या भागात खाडी आहे, खाजण आहे, बांधकामांच्या खड्ड्यांत साठलेले पाणी आहे. पावसाळ्यात मलेरिया आणि डेंग्यू येतात. ताप आला की काढा घेऊन चार दिवस वाट पाहू नका. आधी रक्त तपासून घ्या. मलेरियाचे नेमके औषध आहे, ते घेतलेच पाहिजे. आजीच्या काळी रक्त तपासायची सोय नव्हती, म्हणून तिने काढा दिला. सोय असती तर तिनेही आधी दवाखाना गाठला असता. ती शहाणी होती.

दुसरी गोष्ट, कुणी जपावे याची. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी गुळवेल आपल्या मनाने सुरू करू नये, कारण तिनेही साखर उतरू शकते आणि दोन्हींची बेरीज अंगावर येऊ शकते. यकृताचा विकार असलेल्यांनी, वर सांगितलेल्या पिसाळलेल्या शिपायाचे विकार असलेल्यांनी, कुठलाही अवयव बदललेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी तर वैद्याला आणि आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. आणि ज्याने गुळवेल घेतली आहे त्याने डॉक्टरांकडे गेल्यावर ते लपवू नये. आपण संकोचाने म्हणतो, नाही हो, दुसरे काही औषध घेत नाही. हा संकोच जिवावर बेतू शकतो.

तिसरी गोष्ट मात्रेची आणि मुदतीची. वैद्य औषध देतो ते सात दिवस, एकवीस दिवस असे मोजून देतो. आपण मात्र चहासारखे रोज, वर्षानुवर्षे घेत राहतो. अति तेथे माती हे वचन काढ्यालाही लागू आहे. डोळे पिवळे वाटले, लघवी गडद झाली, भूक मेली, तर घेणे ताबडतोब थांबवा आणि तपासून घ्या.

चौथी गोष्ट ओळखीची. गुळवेलीच्याच कुळात पहाडवेल आहे, वासनवेल आहे. दुरून पाहिले तर पाने सारखीच वाटतात. पहाडवेलीचा देठ पानाच्या कडेला न जुळता थोडा आत जुळलेला असतो. वासनवेलीच्या पानांवर लव असते. गुळवेल मात्र गुळगुळीत. शंका आली की खोडाचा काप घेऊन चाक पाहा, सालीखालचा हिरवा रंग पाहा, लोंबणारी मुळे पाहा, आणि तरीही खात्री नसेल तर जाणत्या माणसाला दाखवा. काशिमिऱ्याच्या बाजूला माशाच्या पाड्यासारख्या पाड्यांवर, चेण्याच्या बाजूला, अशी जाणती माणसे अजून आहेत. त्यांना नुसते विचारू नका, त्यांच्या वेळेचा मोबदला द्या. आणि हमरस्त्याच्या कडेची, गटारावरची, फवारणी केलेल्या कुंपणावरची वेल घेऊ नका. घोडबंदरच्या रस्त्यावरून दिवसरात्र ट्रक जातात. त्यांचा धूर प्यायलेली वेल कुणाला काय गुण देणार?

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. गुळवेल स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. तिला आधाराचे झाड लागते. झाड गेले की वेल गेली. मीरा-भाईंदरच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे ते रान या भागाचा कोठार आहे. तिथली वनस्पती तोडायला कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पण उद्यानाबाहेरची कुंपणे, टेकड्या, वाड्या यांचे काय? १९८५ साली इथे नगरपालिका झाली आणि २००२ साली महानगरपालिका. या काळात गावांचे शहर झाले. शहर व्हायलाच नको होते, असे कोण म्हणेल? लोकांना घरे हवीत, गाड्या हव्यात. परंतु डोंगरीच्या टेकडीवर मेट्रोच्या कारशेडसाठी हजारो झाडे तोडण्याचा प्रश्न २०२५ साली उभा राहिला, तेव्हा गावकरी आणि शहरातले रहिवासी एकत्र येऊन का बोलले, हेही समजून घेतले पाहिजे.

अशा वेळी झाडे मोजली जातात. झाडाला क्रमांक मिळतो, त्याचे वय आणि घेर लिहिला जातो, त्याच्या बदल्यात किती रोपे लावायची हेही ठरते. त्या झाडावर चढलेल्या वेलीचा मात्र कुठेच हिशेब नसतो. ती कुणाच्या यादीत नाही. झाडाबरोबर ती पडते, ट्रकमध्ये जाते, आणि तिच्याबरोबर तिला ओळखणाऱ्या म्हातारीचे ज्ञानही निरुपयोगी होते. जे झाड दिसतच नाही त्याचे नाव नातवाला कोण शिकवणार? ग्रंथ कपाटात राहतील, गोळ्याही दुकानात मिळतील. पण चक्रलक्षणा म्हणजे काय हे कोयत्याने कापून दाखवणारा हात नाहीसा होईल.

यावर आपल्या हातात असलेला उपाय अगदी सोपा आहे. ती छिन्नरुहा आहे हे विसरू नका. पावसाळ्याच्या तोंडाला कुणा ओळखीच्याच्या वाडीतून, त्याला विचारून, वीतभर लांबीचे एक कांडे आणा. दोन डोळे मातीत आणि दोन वर, असे ते कडुनिंबाच्या किंवा शेवग्याच्या बुंध्याशी खोचा. झाड नसेल तर इमारतीच्या गच्चीवर कुंडीत लावा, खिडकीच्या गजांवर चढवा. पहिल्या दोन पावसांत ती तुमची ओळख ठेवील. मुलांना तिचा काप उजेडात धरून ते चाक दाखवा. वेल तोडायची झालीच तर मुळापासून उपटू नका. खालचा बुंधा राखा, म्हणजे पुढच्या वर्षी ती पुन्हा तुमच्या दारात असेल.

आणि मग कधी खरोखर गरज पडली, वैद्याने गुळवेल सांगितली, तर ती कुठल्या डबीत शोधावी लागणार नाही. ती कोणती, कुठली, किती, आणि कुणाला नको, हे सगळे तुम्हांला ठाऊक असेल. गरज सरो आणि वैद्य मरो, अशी आपली वृत्ती २०२० साली दिसली. साथ ओसरली आणि गुळवेल पुन्हा कुंपणावर एकटी राहिली. तिची त्याबद्दल तक्रार नाही. ती आपली मुळे खाली सोडीत, जमीन शोधीत आहे. ती जमीन तिला सापडेल एवढी जागा आपण राखली, म्हणजे झाले.